हबसाणचं ख्रिस्ती साम्राज्य : घाटावरचा राजा, घाटाखालचं बंदर

घाटवाट (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन जंजिऱ्याला गेलो होतो. होडीतल्या गाईडने नेहमीची टेप लावली, बावीस एकर, बावीस वर्षं वगैरे, आणि भाचीने मधेच विचारलं की सिद्दी म्हणजे हबशी ना, मग ते इकडे आलेच कशाला, तिकडे त्यांचा राजा नव्हता का? गाईड गप्प, मीही गप्प. घरी येऊन जे वाचत सुटलो ते अजून चालूच आहे, म्हणून हा धागा. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, सह्याद्रीत फिरणारा माणूस आहे, त्यामुळे मला जगात सगळीकडे घाटमाथा आणि कोकणच दिसतं. चुकलं तर बिनधास्त कान धरा.

तर हबसाणात, म्हणजे आजच्या इथियोपियात, राजा होता. चांगला जबरा राजा होता, आणि ख्रिस्ती होता. आणि तो धर्म पोर्तुगीजांनी नेलेला नाही हे आधी डोक्यात बसवून घ्या, कारण मलाच ते बसायला वेळ लागला. तिथल्या अक्सूम या जुन्या राज्याचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला, त्याच्या नाण्यांवर आधी चंद्रकोर आणि मग क्रूस दिसतो. म्हणजे युरोपातले निम्मे देश अजून आपापले जुने देव पूजत होते तेव्हा हे लोक चर्चात जात होते. पुढे सातव्या शतकापासून तांबड्या समुद्रावरचा व्यापार हातातून गेला, अक्सूम सुकत गेलं, सत्ता दक्षिणेकडे डोंगरात सरकली, मधे झाग्वे घराणं आलं. त्याच घराण्यातल्या लालिबेला राजाच्या नावावर ती अखंड खडकातली अकरा चर्चं आहेत. वेरूळचं कैलास कसं वरून खाली खोदत आणलंय, तसंच चर्च कातळात उतरवलेलं. फोटो शोधून बघा, बेत गियोर्गिसचा तर नक्कीच.

आता भूगोल, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच आहे. इथियोपियाचं पठार आपल्या दख्खनसारखंच लाव्हाचं. सपाट माथ्याचे, चारी बाजूंनी तुटलेले डोंगर, त्यांना तिकडे 'अंबा' म्हणतात. उंची बघायला गेलं तर दोन-अडीच हजार मीटरवर लोक आरामात शेती करतात, आपलं कळसूबाई बिचारं १६४६. पूर्वेला हे पठार एकदम कोसळतं, खाली अफारचं वाळवंट, मीठ, भाजणारं ऊन, आणि त्यापुढे समुद्र. वर जव, गहू, टेफ (तिकडचं बारीक धान्य) पिकवणारे ख्रिस्ती शेतकरी, खाली उंट-गुरंवाले मुसलमान आणि त्यांची बंदरं, उत्तरेला मसावा आणि पूर्वेला झैला. सोनं, हस्तिदंत आणि (लिहायला बरं वाटत नाही पण) गुलाम वरून खाली जायचे, कापड आणि मसाले वर यायचे. मिठाच्या विटा तर वर चलन म्हणून चालायच्या, 'अमोले' म्हणायचे त्यांना.

म्हणजे पठार एकाचं आणि बंदर दुसऱ्याचं. आपल्याकडे हे दुखणं कुणाकुणाला झालं ते मी सांगायला नको.

१२७० मध्ये येकुनो अम्लाक नावाच्या अम्हारा सरदाराने झाग्वेंना हटवलं आणि आपण थेट सॉलोमन राजा आणि शेबाच्या राणीचे वंशज असल्याचं जाहीर केलं. कथा अशी की राणी जेरुसलेमला गेली, सॉलोमनपासून तिला मेनेलिक झाला, आणि त्या पोराने मोठेपणी बापाच्या देवळातली कराराची पेटी अक्सूमला पळवून आणली. ही कथा चौदाव्या शतकाच्या सुरवातीला गीझ भाषेत 'केब्रा नगस्त' म्हणून नीट लिहून काढली गेली. राज्य आधी, वंशावळ नंतर. यात हसण्यासारखं काही नाही, आपल्याकडेही भाटांची पोटं यावरच भरली.

खरा उभारणारा म्हणजे अम्दा सियोन, १३१४ ते १३४४. हा गडी घाट उतरला. झैलाच्या वाटेवर इफात नावाची मुसलमान सल्तनत होती, १३३२ मध्ये तिथल्या सबर अद्दीनने उठाव केला तर याने एका मोहिमेत त्याला मोडला आणि खंडणी देणारं संस्थान करून टाकलं. दामोत, हदिया असे दक्षिणेकडचे प्रदेशही जोडले. सैनिकांना पगार रोकड नाही, 'गुल्त' द्यायचा, म्हणजे जमिनीवरचा सारा खायचा हक्क, आपला सरंजाम समजा. आणि शेतकऱ्याची पिढीजात जमीन म्हणजे 'रिस्त', ती सहसा कोणी हिसकावत नसे, अगदी आपल्या मिराशीसारखी. राजधानी मात्र नाहीच! राजा कायम छावणीत, हजारो तंबूंचं गाव फिरतं, एका भागातला दाणागोटा आणि सरपण संपलं की पुढे.

दुसरी भारी भानगड म्हणजे अंबा गेशेन. राजा सोडून घराण्यातले बाकीचे सगळे पुरुष या डोंगरावर कैदेत. भाऊ, पुतणे, चुलते, सगळे. राजा मेला की दरबारी मंडळी वर जाऊन त्यातला एक खाली आणणार. भाऊबंदकीवर यापेक्षा साधा उपाय मी तरी ऐकलेला नाही, पण यात राजा निवडायची किल्ली दरबाऱ्यांच्या कमरेला गेली, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असाच वरून उतरवलेला राजा म्हणजे झारा याकोब, १४३४ ते १४६८. त्याच्या आधी चार-पाच वर्षांत चार राजे होऊन गेले होते, राज्य पार खिळखिळं झालेलं. याने १४४५ मध्ये अदाल या मुसलमान सल्तनतीच्या बदलायला लढाईत मारलं, शनिवार पाळायचा की रविवार या चर्चमधल्या शंभर वर्षांच्या भांडणावर १४५० मध्ये 'दोन्ही पाळा' असा निकाल दिला (मला हा निकाल फार आवडला, दोन दिवस सुट्टी), आणि स्वतः धर्मावर ग्रंथ लिहिले. पण माणूस संशयी. मूर्तिपूजेच्या आरोपावरून स्वतःच्या पोटच्या मुलांनाही सोडलं नाही. साम्राज्याचा कळस म्हणतात तो हाच काळ, आणि मला तर उतरणही इथेच दिसते, कारण सगळं या एका माणसाच्या धाकावर उभं होतं.

तो गेल्यावर दहा वर्षांनी सुरू झाली पोरं-राजांची रांग. इस्केंदर लहानपणी गादीवर आला आणि विशीच्या आसपास मारला गेला. त्याचा मुलगा तर काही महिन्यांतच गेला. मग नाओद. मग १५०८ मध्ये लेबना देंगेल, वय अकरा-बारा. कारभार बघायची म्हातारी राणी इलेनी, जी मुळात हदियाच्या मुसलमान घराण्यातली. माझ्या मते सगळ्यात शहाणं माणूस तीच. तिने ओळखलं की तुर्क तांबड्या समुद्रात येतायत, आणि आपल्याला बंदर नाही, तर समुद्रावरचा कोणीतरी दोस्त पाहिजे. म्हणून तिने पोर्तुगालच्या राजाकडे माणूस पाठवला.

लेबना देंगेल मोठा झाला, १५१७ मध्ये झैलाच्या महफूझला मारलं, आणि झालं, डोक्यात हवा. पोर्तुगीज वकिलात १५२० मध्ये येऊन पोचली तर यांना छावणीबाहेर ताटकळत ठेवलं, पडद्याआडून प्रश्न विचारले. ते लोक गेले १५२६ मध्ये. आणि तीनच वर्षांत, मार्च १५२९, शिंब्रा कुरे. (शिंब्रा म्हणजे हरभरा.) अदालचा इमाम अहमद इब्न इब्राहीम, ज्याला हे लोक ग्रान्य म्हणजे डावखुरा म्हणतात, त्याच्या लहानशा फौजेने राजाची भली मोठी फौज त्या हरभऱ्याच्या रानात उधळली. पुढची बारा-चौदा वर्षं चर्चं जळतायत, देब्रे लिबानोसचा मठ जळाला, कैदेतल्या राजपुत्रांचं अंबा गेशेन पडलं, बरेच सरदार बाजू बदलून मोकळे. राजा या डोंगरावरून त्या डोंगरावर पळत राहिला आणि १५४० मध्ये देब्रे दामोच्या मठात मेला.

माझं म्हणणं एवढंच, की घाटवाटा ज्याच्या ताब्यात त्याचं राज्य. अम्दा सियोन त्या वाटेने खाली उतरला तेव्हा साम्राज्य झालं, ग्रान्य त्याच वाटेने वर चढला तेव्हा मोडलं. टायपून हात दुखले, पोर्तुगीजांचं प्रतिसादात लिहितो.

---

चिंचोका

वाचनखूण साठवली! एका दमात वाचलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका, हे कॅथलिक की ऑर्थोडॉक्स की अजून तिसरंच काही? पोपला मानत होते का?

---

घाटवाट

@चिंचोका, पोपशी काही संबंध नाही. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चशी नातं. आणि त्यातली गंमत ऐका, इथला मुख्य बिशप, 'अबुना', हा कायम इजिप्तहून यायचा, इजिप्शियनच असायचा. ही पद्धत चौथ्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत चालली, १९५९ ला कुठे त्यांचा स्वतःचा पॅट्रिआर्क (सर्वोच्च धर्मगुरू) झाला. नव्या पाद्र्यांना दीक्षा द्यायचा अधिकार फक्त अबुनाला. तो मेला आणि नवीन आला नाही तर हळूहळू पाद्रीच संपणार. आणि इजिप्तात राज्य कोणाचं तर मुसलमान सुलतानाचं, नवीन अबुना सोडायचा का नाही ते त्याच्या मर्जीवर. म्हणजे आपल्या देवळाचा पुजारी दुसऱ्याच्या सुलतानाची परवानगी काढून मागवायचा. इकडून हे धमकी द्यायचे की तिकडच्या ख्रिस्ती लोकांना त्रास दिलात तर नाईलचं पाणी वळवू. वळवता आलं असतं का? अजिबात नाही. पण कैरोत ती धमकी हसण्यावारी नेत नव्हते.

---

डावखुरा_अभिमानी

शेवटी एका डावखुऱ्याचं नाव इतिहासात आलं तर ते पण खलनायक म्हणून 😀 शाळेत डाव्या हाताने लिहितो म्हणून पट्ट्या खाल्लेल्यांतर्फे निषेध!

बाकी एक सांगतो, सोमालियात हाच माणूस हीरो आहे. मोगादिशूत त्याचा पुतळा होता. धागा थोडा घाटावरूनच लिहिल्यासारखा झालाय, खालच्यांचंही ऐका. दीडशे-दोनशे वर्षं हे वरचे लोक दर काही वर्षांनी खाली उतरून जाळपोळ करायचे, खंडणी न्यायचे. मग एक दिवस खालचे वर गेले.

---

उलटा_चष्मा

लेख छान आहे पण घाटमाथा थिअरी मला नाही पटली. सरळ गोष्ट आहे, बंदुका. तुर्कांनी अदालला तोफा-बंदुका पुरवल्या, यांच्याकडे भाले आणि ढाली. १५१४ चल्दिरान, १५१७ रिदानिया, १५२६ पानिपत, १५२७ खानवा, त्या पंधरा वर्षांत सगळीकडे जुनी घोडदळं बारुदीपुढे आडवी झाली. लेबना देंगेल त्याच यादीतला अजून एक. उगाच भूगोलाचं तत्त्वज्ञान कशाला? आणि साम्राज्य वाचवलं कोणी, तर ४०० पोर्तुगीज बंदूकवाल्यांनीच. म्हणजे बुडवलं बारुदीने आणि वाचवलं पण बारुदीने. विषय संपला.

---

घाटवाट

@उलटा_चष्मा, विषय एवढ्यात संपत नसतो हो 😀 पण तुमचा मुद्दा निम्मा मान्य. निम्माच का ते सांगतो, पोर्तुगीजांचं लिहायचं राहिलंच होतं.

जुलै १५४१, मसावा. गोव्याचा गव्हर्नर इस्तेव्हाँव द गामा आरमार घेऊन सुएझवर तुर्कांना मारायला गेला होता, ते काही जमलं नाही, परतताना त्याने धाकट्या भावाला, क्रिस्तोव्हाँवला, ४०० माणसं देऊन मसावाला उतरवलं. दोघेही वास्को द गामाची पोरं. तर हे ४०० लोक तोफा ओढत घाट चढले. वर देब्रे दामोच्या अंब्यावर मेलेल्या राजाची बायको, सबला वेंगेल, आसऱ्याला होती. त्या डोंगरावर जायला वाटच नाही, दोरावरून चढायचं. राणी खाली उतरून यांच्यात सामील झाली आणि पुढे मोहिमभर बरोबर राहिली. एप्रिल १५४२ मध्ये यांनी ग्रान्यला दोनदा हरवलं, तो स्वतः जखमी झाला. मग त्याने येमेनमधल्या झबीदच्या तुर्की पाशाकडून नऊशेच्या आसपास बंदूकवाले मागवले आणि ऑगस्टमध्ये वोफ्लाला पोर्तुगीजांची अक्षरशः कत्तल केली. क्रिस्तोव्हाँव जखमी अवस्थेत पकडला गेला, छळ झाला, धर्म बदलायला तयार नव्हता, ग्रान्यने मुंडकं उडवलं. पंचविशीतला पोरगा होता.

आता बघा, बंदुकाच सगळं ठरवत असत्या तर ग्रान्य इथे जिंकला होता ना? पण त्याने काय केलं, काम झालं म्हणून तुर्कांना परत पाठवून दिलं, दोनशेच ठेवले. बहुतेक त्यांचा पगार आणि माज दोन्ही परवडत नसावं. इकडे उरलेले शे-सव्वाशे पोर्तुगीज आणि दक्षिणेकडून आलेला तरुण राजा गलावदेवोस एकत्र झाले, आणि २१ फेब्रुवारी १५४३ ला वायना दगाला ग्रान्यला गोळी लागली. तो पडला आणि त्याची फौज पाण्यासारखी ओसरली. पुन्हा तेच, सगळं एका माणसावर उभं. चौदा वर्षं पठार हातात असून तिथे त्याची मुळं गेलीच नव्हती.

आणि बंदुका यायच्या कुठून? बंदरातून. १५५७ मध्ये तुर्कांनी मसावाच घेऊन टाकलं. म्हणजे जिंकूनही घाटाखालचं बंदर परक्याकडेच. आलो ना परत माझ्या थिअरीवर 😉

---

पणजीकार

गोंयचें नांव आलें म्हणून मध्ये पडतो. हे प्रकरण जवळजवळ सगळं गोव्यातूनच चाललं होतं. इलेनी राणीचा तो वकील मातेउस, जातीने आर्मेनियन, १५१२ च्या शेवटी गोव्याला येऊन पोचला. आल्बुकर्कने त्याची बडदास्त ठेवली, पण वाटेत जहाजावरच्या लोकांनी हा लबाड आहे, तुर्कांचा हेर आहे म्हणून त्याचे हाल केले. लिस्बनला राजाने मात्र मान दिला. आणि त्याही आधी पेरो द कोव्हिल्याँव नावाचा पोर्तुगीज हेर कन्नूर, कालिकत, गोवा बघून, अरब व्यापाऱ्याच्या वेशात फिरत फिरत १४९० च्या दशकात इथियोपियाला गेला, तर त्या राजांनी त्याला परत सोडलाच नाही. जमीन दिली, बायको करून दिली, पण जायचं नाव काढायचं नाही. १५२० ची वकिलात गेली तेव्हा हा म्हातारा त्यांना तिकडे भेटला, रडला म्हणे.

हे सगळं युरोपियनांनी का केलं तर प्रेस्टर जॉन. बाराव्या शतकात एक बनावट पत्र युरोपात फिरलं की पूर्वेकडे 'इंडिया'त एक महाप्रचंड ख्रिस्ती राजा आहे. इकडे शोधला, तिकडे शोधला, शेवटी इथियोपियाच्या राजाच्या डोक्यावर तो मुकुट बसवला. आणि वकिलात नजराणा काय घेऊन गेली तर त्यात मिऱ्याची पोती! धाडलेल्या चांगल्या वस्तू वाटेतच कमी झाल्या होत्या.

पण घाटवाट, तुमच्या गोष्टीत सगळ्यात मोठा घाव राहिला. मदतीचं बिल. पोर्तुगीज म्हणायला लागले की आम्ही वाचवलं, आता पोपला माना. गलावदेवोस हुशार, त्याने १५५५ मध्ये स्वतःच्या श्रद्धेचं एक निवेदन लिहून दिलं की आम्ही शनिवार पाळतो, सुंता करतो, डुक्कर खात नाही ही आमची चालरीत आहे, आम्ही काही ज्यू नाही, आणि आमचा धर्म आम्हाला पुरे. किती शांतपणे नाही म्हटलं बघा.

मग आला पेद्रो पायेझ. स्पॅनिश जेसुइट (कॅथलिक धर्मप्रसारक), गोव्याहून १५८९ ला निघाला, वाटेत अरबांनी पकडला, येमेनात सात वर्षं कैद, सुटून परत गोवा, आणि तरी पुन्हा निघाला आणि १६०३ ला पोचलाच. भाषा शिकला, गोड बोलला, राजासाठी वाडा बांधला, १६१८ मध्ये निळ्या नाईलचा उगम बघणारा पहिला युरोपियन तोच. त्याने सुसेन्योस राजाला हळूहळू कॅथलिक केला आणि १६२२ मध्ये ताप येऊन गेला. त्याच्या जागी १६२५ मध्ये आला पॅट्रिआर्क आफोंसो मेंडेस, आणि याने जे मांडलं ते विचारू नका. तुमचा बाप्तिस्मा खोटा, परत घ्या. तुमचे पाद्री खोटे, परत दीक्षा. शनिवार बंद, सुंता बंद, चर्चं पुन्हा पवित्र करायची. शेतकरी उठले. लढाया झाल्या. १६३२ मध्ये लास्ताच्या बंडखोरांशी लढाई जिंकून राजा रणांगणावर उभा, समोर हजारो प्रेतं, आणि सगळी आपलीच रयत. त्याने जुना धर्म परत दिला आणि गादी मुलाला, फासिलिदसला. मुलाने जेसुइट हाकलले. मेंडेस परत गोव्याला, पुढे तिथेच मेला. जुन्या गोव्यात कॅथेड्रलसमोर उभा राहिलो की मला दर वेळी हे आठवतं, इकडून किती जणांच्या घरात काड्या टाकल्या.

---

चिंचोका

पणजीकार, हा प्रतिसाद नाही, वेगळा धागा आहे. _/\_

---

मीठभाकर

उशिरा येतेय. आम्ही सहा वर्षं अदिस अबाबाला होतो, नवऱ्याची नोकरी. इतकं सगळं लिहिलंत आणि ओरोमोंचं नाव एकानेही काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आज त्या देशात सगळ्यात मोठा समाज तोच आहे! आमच्या कामवाल्या बाई ओरोमो, घरमालक अम्हारा, दोघांकडून इतिहास ऐकला की दोन वेगळे देश वाटायचे.

ग्रान्य आणि राजा एकमेकांना संपवत होते तेव्हा दक्षिणेकडून ओरोमो वर सरकत होते, १५२० च्या दशकापासून. त्यांच्यात गदा पद्धत, दर आठ वर्षांनी पुरुषांचा नवा गट पुढे येतो आणि नव्या गटाने स्वतःची मोहीम करायचीच. म्हणजे दर आठ वर्षांनी ताजी लाट. भांडून थकलेली दोन्ही राज्यं त्यांना अडवू शकली नाहीत. तिकडे ग्रान्यच्या बायकोने, बाती देल वंबराने, त्याच्या भाच्याशी, नूरशी लग्न केलं आणि नूरने १५५९ मध्ये गलावदेवोसला मारून सूड घेतला. पण त्याच नूरला ओरोमोंच्या भीतीने हरारभोवती भिंत बांधावी लागली. ती भिंत अजून आहे, मी चालत फेरी मारलीये, छान आहे, पण आत गल्ल्यांत हमखास वाट चुकते.

१५९३ मध्ये बाहरे नावाच्या एका साधूने ओरोमोंवर छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं स्वतःचं गाव त्यांनी लुटलं होतं. (त्याने वापरलेलं त्यांचं नाव आता शिवीसारखं मानतात, मी लिहीत नाही.) त्यात तो एक प्रश्न विचारतो की आम्ही संख्येने जास्त, शस्त्रं जास्त, तरी ते का जिंकतात? देवाची शिक्षा म्हणून गप्प बसत नाही. तो म्हणतो आमच्या समाजाचे दहा वर्ग आहेत, त्यात साधू लढत नाहीत, पाद्री-शास्त्री लढत नाहीत, दरबारी लढत नाहीत, शेतकरी लढत नाहीत, व्यापारी, कारागीर, गाणारे-वाजवणारे कोणीच लढत नाहीत. लढणारा वर्ग एकच. त्यांच्यात लहानमोठा प्रत्येक जण लढतो. चारशे वर्षांपूर्वीच्या साधूने शत्रूबद्दल इतकं थंड डोक्याने लिहावं, मला तो घाट-बंदुका दोन्ही थिअऱ्यांपेक्षा जास्त पटतो. सॉरी 🙂

अवांतर: त्यांची लिपी शिकायला घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली, आपल्या बाराखडीसारखंच, एका अक्षराची सात रूपं. आणि इंजेरा म्हणजे आंबवलेल्या टेफचं मोठं घावनच. उपास तर विचारू नका, बुधवार-शुक्रवार दूध-अंडी-मांस सगळं बंद. माझ्या सासूबाई आल्या होत्या तर म्हणाल्या, या लोकांचं आपलं जमेल.

---

उलटा_चष्मा

बाहरे भारी आहे. बंदुका मागे घेतो. अर्ध्या.

---

घाटवाट

@मीठभाकर, कान धरायला सांगितलं होतं, धरलात. ओरोमो राहिले ही माझीच चूक. हे वाचून एक सुचलं, गुल्तवर पोसलेल्या फौजेचा हा तोटाच आहे. जमीन गेली की शिपाई गेला. ग्रान्यच्या काळात आणि नंतर दक्षिणेकडचे सुपीक प्रांत हातचे गेले, म्हणजे त्यावर पोसलेली पथकंही गेली. मग राजा उरलेल्या उत्तरेच्या कोपऱ्यात सरकला. फासिलिदसने १६३६ च्या सुमारास गोंदरला कायमची राजधानी केली, दगडी वाडे बांधले, फिरती छावणी संपली. दिसायला वैभव, पण मला ते आक्रसल्याचं लक्षण वाटतं. फिरणारा राजा दर वर्षी कुठल्यातरी सरदाराच्या उरावर जाऊन बसायचा, तो बसायचा थांबला आणि सरदार माजले. १७६९ मध्ये मिकाएल सेहुल नावाच्या सरदाराने राजालाच मारलं आणि पुढची ८६ वर्षं, १८५५ पर्यंत, राजा गोंदरच्या वाड्यात नावाला आणि सत्ता सरदारांकडे. साताऱ्याचे छत्रपती आणि पेशवे आठवतायत ना. पण तो काळ मध्ययुगाच्या बराच पुढचा, तिथे थांबतो.

---

उंबरठा

मूळ प्रश्न भाचीचा होता, ते इकडे कसे आले, त्यावर कोणी बोललंच नाही. मलिक अंबर १५४८ च्या आसपास जन्मला, म्हणजे वायना दगाच्या लढाईनंतर पाचेक वर्षांनी, गलावदेवोसच्या राज्यात किंवा त्याच्या सीमेवर. मूळ नाव चापू सांगतात. अशी पोरं पकडली जायची ती बहुतेक दक्षिणेकडच्या, ना ख्रिस्ती ना मुसलमान अशा मुलखातून, आणि तुमच्या त्याच घाटवाटांनी खाली बंदरात. तिथून मोखा, बगदाद, आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतला, तोही मूळचा हबशीच. ख्रिस्ती राजेही या व्यापारात धुतल्या तांदळासारखे नव्हते, जकात खायचेच. पुढे खडकी (नंतरचं औरंगाबाद) वसवली, भातवडीला १६२४ मध्ये मोगल-आदिलशाही फौज बुडवली, खुलताबादला कबर आहे. लहानपणी विकलेलं पोरगं इथे वजीर झालं, तिकडे राहिलं असतं तर त्याचं नावही उरलं नसतं.

आणि एक भन्नाट गोष्ट. फासिलिदसने जेसुइट हाकलल्यावर मुसलमान राज्यांशी दोस्ती सुरू केली, येमेनला वकील पाठवले, आणि औरंगजेबाकडेही. गुलाम, हस्तिदंत, एका झेब्र्याचं कातडं, बैलाच्या शिंगात भरलेली जवादी (उदमांजराची कस्तुरी) असा नजराणा घेऊन ते लोक सुरतेला उतरले. साल १६६४. पुढचं ओळखा.

---

चिंचोका

नाही!! महाराज??

---

उंबरठा

हो. जानेवारी १६६४, महाराज सुरतेत. वकिलांचा नजराणाही त्या लुटीत सापडला. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की राजाची पत्रं, झेब्र्याचं कातडं, रिकामं शिंग असलं काहीबाही तेवढं वाचलं आणि तेच घेऊन बिचारे दिल्लीला गेले. औरंगजेबाने तरी मान दिला, तिकडची एक मशीद दुरुस्त करायला पैसेही दिले. सॉलोमनच्या वंशजाचा वकील, मराठे आणि आलमगीर एका गोष्टीत.

---

डावखुरा_अभिमानी

झेब्र्याचं कातडं का सोडलं असेल?

---

उंबरठा

मावळ्यांनी कधी पाहिलं नसणार. कोणीतरी गाढवावर पट्टे ओढलेत वाटलं असेल.

---

घाटवाट

सुरत माहीतच नव्हती, आता भाचीला काय सांगू आणि काय नको असं झालंय. @मीठभाकर, तुम्ही देब्रे दामोला गेला होता का? तो दोर अजून आहे का? पायथ्यापर्यंत गाडी जाते का, आमचा ट्रेकचा ग्रुप मागे लागलाय.

---

मीठभाकर

गेलो होतो. गाडी जवळपर्यंत जाते, पुढे थोडं चालायचं. दोर आहे, चामड्याचा, कमरेला दुसरा बांधतात आणि वरून साधू ओढतात. पंधरा मीटर असेल कडा. पण बायकांना वर सोडत नाहीत, कोंबडी आणि शेळीसुद्धा मादी चालत नाही. नवरा गेला, मी खाली बसले.

---

घाटवाट

मग सबला वेंगेल राणी वर कशी राहिली होती?

---

मीठभाकर

अगदी हेच विचारलं मी खालच्या साधूला. नुसता हसला आणि मला भाजलेले हरभरे दिले.